वेळेवर आणि जागेवर: स्वादुपिंडाविषयी

बुलढाणा जिल्ह्यात आरोग्याचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास पुढे येतात. पहिली घाटाखालची: पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आणि संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतले किडनीचे रुग्ण. दुसरी घाटावर आणि घाटाखाली सारखीच: शुगर. जानेवारी २०२५ मध्ये यांत तिसरीची भर पडली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले. पाण्याचे आणि रक्ताचे नमुने घेतले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, देशभर बातम्या झाल्या. ते योग्यच होते. पण जे अंगावर दिसते त्याची दखल लवकर घेतली जाते आणि जे पोटात खोलवर मुकाट काम करत असते ते हाताबाहेर जाईपर्यंत कुणाच्या बोलण्यातही येत नाही, ही आपल्या आरोग्यविचारातली जुनी उणीव आहे. स्वादुपिंड हे तिचे ठळक उदाहरण. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवा पसरलेला हा अवयव आपल्याकडे ओळखला जातो तो केवळ शुगरमुळे. इन्शुलिन तयार करणारी ग्रंथी एवढी ओळख शाळेच्या पुस्तकातून होते आणि तिथेच थांबते. पुढच्या पानांचा विषय तिचे दुसरे आणि कितीतरी मोठे काम आहे: आपण खाल्लेले अन्न पचवणे.

ही एकांगी ओळख का झाली ते समजण्यासारखे आहे. १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली या ग्रंथीत विखुरलेली पेशींची छोटी बेटे पाहिली. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी बेटांमधला स्राव वेगळा काढला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. मरणाच्या दारातून मुले परत आणणारी ही कथा एवढी मोठी ठरली की ग्रंथीचे बाकीचे काम तिच्या सावलीत गेले. वस्तुतः मधुमेहाशी असलेला संबंध कळण्याच्या चाळीसेक वर्षे आधीच क्लोद बर्नार यांनी फ्रान्समध्ये दाखवून दिले होते की स्निग्ध पदार्थ फोडण्याचे काम या ग्रंथीचा रस करतो. इन्शुलिनची ती बेटे ग्रंथीच्या वजनात अवघी एक-दोन टक्के भरतात. उरलेला जवळजवळ सगळा भाग पाचक रस तयार करणाऱ्या पेशींचा आणि तो वाहून नेणाऱ्या नळ्यांचा आहे. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आत-बाहेर आणि दिवसाचा रस सुमारे दीड लिटर. स्वतःच्या वजनाच्या पंधरापट द्रव रोज तयार करणारा हा अवयव आपण फक्त त्याच्या दोन टक्क्यांवरून ओळखतो.

या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. स्वादुपिंड निरोगी ठेवणे म्हणजे त्याला ताकद देणे, असा आपल्याकडचा सर्वसाधारण समज आहे. म्हणून कुणी काढे शोधतो, कुणी रोज सकाळी कारल्याचा रस घेतो, कुणी पचनाच्या गोळ्या. पण या ग्रंथीला ताकदीची वाण नसते. तिच्याजवळ गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद असते. तिचे खरे कौशल्य आवर घालण्यात आहे. मांस, डाळ, पिठूळ पदार्थ, तेल असे काहीही विरघळवू शकणारा रस ती स्वतःच्या पेशींत साठवते आणि तो ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळीच जागा होईल अशी व्यवस्था ठेवते. ही व्यवस्था मोडली की तोच रस ग्रंथीलाच पचवू लागतो. त्यामुळे स्वादुपिंडाची निगा म्हणजे या आवर घालण्याच्या व्यवस्थेवर येणारे आघात ओळखणे आणि टाळणे. हे आघात कोणते याबद्दल वैद्यकाला आज बऱ्यापैकी खात्री आहे आणि त्यांतले बहुतेक आपल्या जिल्ह्यात, आपल्या घरात, नेहमीचेच आहेत.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. त्यासाठी परदेशी जेवणाचे उदाहरण घ्यायचे कारण नाही; ज्वारीची भाकरी, पिठले, वर कच्चे तेल आणि बाजूला मिरचीचा ठेचा एवढे ताट पुरे आहे. भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे व्हायला तोंडातल्या लाळेतच सुरुवात होते, पण घास जठरात गेला की तिथल्या आम्लात ते काम मंदावते. पिठल्यातल्या बेसनाच्या प्रथिनांना जठर थोडे फोडते. तेलाला तर ते फारसा हात लावत नाही. अर्धवट कामाचा हा आंबट लगदा थोडाथोडा करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ग्रहणीत, उतरतो. इथे पहिली अडचण आम्लाची. आतड्याच्या अस्तराला ते सोसत नाही आणि पाचक विकरेही त्यात निकामी होतात. म्हणून स्वादुपिंडाच्या नळ्या बायकार्बोनेटने भरलेला अल्कधर्मी द्रव पाठवतात. त्याचा सामू आठच्या आसपास असतो. लोणारच्या सरोवराएवढा तीव्र अल्क नव्हे, पण आम्ल शमवायला पुरेसा. त्याबरोबर येणाऱ्या विकरांपैकी अमायलेज भाकरीतले पिष्ट सोडवते, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन बेसनातली प्रथिने तोडतात आणि लायपेज यकृतातून आलेल्या पित्ताच्या मदतीने तेल फोडते. ज्वारी शिजली की तिची प्रथिने एकमेकांत गुंततात आणि पचायला कठीण होतात, म्हणून भाकरीबरोबर पिठले किंवा वरण असणे हे चवीपुरते नाही. आपल्या आजी-पणजींनी हे रसायनशास्त्र न शिकताच जमवले होते.

रस कधी सोडायचा, हे ग्रंथीला कळते कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मत असे होते की सगळे निरोप मज्जातंतूंमार्फत जातात. पचनसंस्थेवरच्या कामासाठी १९०४ चे नोबेल मिळालेल्या पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेचाही भर त्यावरच होता. १९०२ च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू तोडले, त्यात आम्ल घातले, तरीही स्वादुपिंड पाझरू लागले. निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. माणसाला कळलेले हे पहिले संप्रेरक. मधुमेहाच्या कथेत ज्या शास्त्राचा एवढा गौरव होतो त्या संप्रेरकशास्त्राची सुरुवात अशी पचनातूनच झाली. पुढे आतड्यातून स्रवणारे कोलेसिस्टोकायनिन सापडले. तेल आणि प्रथिने आल्याची वर्दी ते देते. त्यावर स्वादुपिंड विकरे सोडते आणि त्याच क्षणी पित्ताशय आकुंचन पावून पित्त ढकलते. दोन्ही नळ्या बहुतेकांच्या शरीरात एकाच मुखातून ग्रहणीत उघडतात. ही सोय आहे आणि धोकाही इथेच आहे, हे पुढे येईल. प्रथिने तोडणारी विकरे ग्रंथीतून निघतात तेव्हा निष्क्रिय असतात. ट्रिप्सिनचे निद्रिस्त रूप आतड्याच्या अस्तरावरच्या एन्टेरोकायनेजला भेटल्यावरच जागे होते आणि मग इतरांना जागे करते. त्यातूनही एखादा रेणू ग्रंथीच्या आतच चुकून जागा झाला तर त्याला पकडून बंद करणारे एक निरोधक प्रथिन ग्रंथी स्वतःजवळ बाळगते.

निरोधकाची ही गोष्ट आपल्या शेतापर्यंत येते. गेल्या तीन-चार दशकांत घाटावरच्या शिवारांत सोयाबीन पसरले आणि आज चिखली, मेहकर, लोणार भागातला खरीप त्यावाचून सांगता येत नाही. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला जखडून टाकणारे निरोधक असतात. त्यांतला एक मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळा काढला. कच्चे सोयाबीन खाऊ घातलेली कोंबडीची पिल्ले आणि उंदीर नीट वाढत नाहीत आणि त्यांचे स्वादुपिंड मोठे होते, हे अनेक प्रयोगांत दिसले. कारण सरळ आहे. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन उरले नाही की संप्रेरकाचा निरोप थांबत नाही आणि ग्रंथी आणखी आणखी रस ओतत राहते. माणसात ग्रंथी अशी वाढल्याचा पुरावा नाही आणि चांगली उष्णता दिली की हे निरोधक बऱ्याच अंशी नष्ट होतात, म्हणून सोयाबीनला घाबरण्याचे कारण नाही. पण गव्हात सोयाबीन दळून घेणाऱ्या घरांनी दाणे आधी उकळून, वाळवून किंवा नीट भाजून घ्यावेत आणि जनावरांपुढे कच्चे सोयाबीन टाकताना विचार करावा, एवढे यातून निघते. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचे आहे ते वेगळेच. ग्रंथीने जास्त काम करणे हे तिच्या आरोग्याचे लक्षण नाही, हे या प्रयोगांनी दाखवले. तिचे सगळे गणित चालू होणे आणि थांबणे यांच्या तोलावर उभे आहे.

हा तोल बिघडला की काय होते, ते १८९६ मध्ये हान्स कियारी यांनी ओळखले: ग्रंथी स्वतःच स्वतःला पचवते. खामगावच्या एखाद्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीत ठिणगी पडावी, तसे जागे झालेले थोडे ट्रिप्सिन शेजारच्या निद्रिस्त विकरांना जागे करत जाते. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ उठते, ती पाठीत जाते, पुढे वाकून बसल्यावर किंचित कमी होते, उलट्या थांबत नाहीत. हा तीव्र स्वादुपिंडदाह. बहुतेकांचा काही दिवसांत शमतो, काहींच्या जिवावर बेततो. त्याच्या दोन मोठ्या कारणांपैकी पहिले म्हणजे पित्ताशयातला खडा. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात युजीन ओपी यांना एका मृत रुग्णाच्या सामाईक मुखाशी अडकलेला छोटासा खडा सापडला आणि संबंध स्पष्ट झाला. मोठा खडा पित्ताशयातच बसून राहतो. घसरून खाली येण्याची भीती काही मिलिमीटरच्या बारीक खड्यांची जास्त. आपल्याकडे सोनोग्राफीत खडे दिसतात, कळ थांबते आणि ऑपरेशन हंगाम आटोपल्यावर पाहू म्हणून पुढे ढकलले जाते. सोंगणी तोंडावर आली असताना घरातला कर्ता माणूस दवाखान्यात अडकून पडणे काय असते, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. तरीही पुरावा विरुद्ध बाजूला आहे. नेदरलँड्समधल्या २३ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या चाचणीत खड्यामुळे सौम्य दाह झालेल्या रुग्णांचे दोन गट केले गेले. ज्यांचे पित्ताशय त्याच भरतीत काढले त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्क्यांना पुन्हा खड्याचा त्रास झाला. ज्यांना घरी पाठवून काही आठवड्यांनी बोलावले त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्क्यांना. थांबण्याची किंमत काही आठवड्यांतच एवढी वाढते. खडे आहेत पण कधीच त्रास नाही, अशांना मात्र सरसकट ऑपरेशनची गरज नसते, हेही याच जोडीला सांगायला हवे. भीती घालून पित्ताशये काढणे हा उपाय नव्हे.

दुसरे मोठे कारण दारू. इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो: जन्मभर पिणारे कितीतरी जण पाहिले, त्यांना कुठे काय झाले? आक्षेप खोटा नाही. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांपैकी थोड्यांनाच स्वादुपिंडाचा आजार होतो. पण त्यातून दारू निर्दोष ठरत नाही. एवढेच ठरते की ती एकटी क्वचित काम करते. तिला जोड लागते, कधी वंशातून आलेल्या दोषाची आणि फार वेळा तंबाखूची. धूम्रपान हा आता स्वादुपिंडदाहाचा स्वतंत्र धोका मानला जातो आणि दारूसोबत तो अधिकच वाढतो. आपल्याकडे विडी-सिगारेटपेक्षा चुना लावून मळलेली तंबाखू आणि गुटखा यांचे राज्य आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, तर ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. चघळण्याच्या तंबाखूला लोक तोंडाच्या कर्करोगाशी जोडतात, ते बरोबरच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला स्वादुपिंडाच्या कर्करोगाचेही कारण ठरवले आहे, हे गुटख्याच्या पुडीवरच्या चित्रातून कुणाला कळत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ती टपरीवर किती पाळली जाते हे सगळे पाहतात. दारूच्या बाबतीत एक आशादायक गोष्ट आहे. फिनलंडमध्ये पहिला झटका येऊन गेलेल्यांशी दर सहा महिन्यांनी परिचारिकेने बसून बोलण्याचा प्रयोग झाला. दवाखान्यात एकदाच समज दिलेल्यांच्या तुलनेत या लोकांत दोन वर्षांत पुन्हा येणारे झटके निम्म्याहून कमी झाले. त्याला नवे औषध लागले नाही, नवे यंत्र लागले नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आशाताईंच्या फेऱ्यांत हे बसू शकते, असे मला ठामपणे वाटते.

रक्तातील ट्रायग्लिसराइड हे तिसरे कारण. ते हजाराच्या पुढे गेले की तीव्र दाहाचा धोका खरा होतो. बिघडलेली शुगर, दारू आणि वाढलेले वजन यांच्या सोबतीने ते चढते. शेगावला दर्शनाला आलेल्या माणसाने कचोरी खाल्ली म्हणून त्याच्या निरोगी ग्रंथीला इजा होते, असे म्हणायला आधार नाही. तळलेल्याचा मार्ग लांबचा आहे: वजन, पित्ताशयातले खडे, ट्रायग्लिसराइड. आणि ठेच्याची तर उगाच बदनामी झाली आहे. तिखटाने स्वादुपिंडाला सूज येते याला पुरावा नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. दारू नाही, तंबाखू नाही, पित्ताशयात खडा नाही, वय कोवळे, आणि तरी वर्षानुवर्षे पोट दुखते, माणूस वाळत जातो, क्ष-किरणात ग्रंथीभर खडे दिसतात. मग आघात टाळा म्हणण्याला अर्थ काय? अशा रुग्णांची भारतात एक मोठी परंपराच आहे. १९५९ मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांत हा आजार नोंदवला आणि त्यानंतर केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्णांचा अभ्यास केला. गरीब केरळी माणूस टॅपिओका खातो, त्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, तेव्हा दोष त्यांचाच, असा तर्क मांडला गेला. आपल्या दृष्टीने हा तर्क महत्त्वाचा, कारण आपला साबुदाणा त्याच कंदाचा. एकादशीला साबुदाण्याची उसळ खाणाऱ्या वऱ्हाडाने घाबरावे काय? नाही. टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हाच आजार सापडला, उंदरांना दीर्घकाळ तो कंद खाऊ घालूनही आजार उभा राहिला नाही आणि साबुदाणा करताना कंद किसून, धुऊन, नुसते पिष्ट काढले जाते, त्यात ती द्रव्ये फारशी उरत नाहीत. २००२ च्या सुमारास हैदराबादच्या संशोधकांना दुसराच धागा मिळाला. ग्रंथी स्वतःजवळ बाळगते त्या निरोधक प्रथिनाच्या जनुकात, एसपीआयएनके१ मध्ये, एक बदल या रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळला. म्हणजे आवर घालणारा हातच जन्मतः थोडा कमजोर. यातून माझा मुद्दा ढासळत नाही, उलट पक्का होतो: ज्याची व्यवस्था मुळात नाजूक त्याने दारू आणि तंबाखूपासून इतरांहून जास्त दूर राहायला हवे आणि घरात असा एक रुग्ण असेल तर भावंडांच्या पोटदुखीकडे वेळीच पाहायला हवे. खाऱ्या पाण्याला मात्र यात ओढू नये. मुतखडा, पित्ताशयातला खडा आणि स्वादुपिंडातला खडा यांचे घटक वेगळे आणि घडण्याची रीत वेगळी. स्वादुपिंडातले खडे नळीत साकळलेल्या प्रथिनांवर कॅल्शियम कार्बोनेट बसून होतात. ते विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांमुळे होतात याला आधार नाही, आणि फिल्टर बसवला म्हणून ते विरघळणार नाहीत.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो: ग्रंथीजवळ एवढी शिल्लक आहे तर काळजी कशाला? शिल्लक खरोखर मोठी आहे. १९७३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की विकरांचा स्राव दहा टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत मलातून तेल वाहताना दिसत नाही. याच कारणाने मला काळजी वाटते. नव्वद टक्के जाईपर्यंत जो अवयव तक्रार करत नाही त्याच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उरलेल्या दहा टक्क्यांवर जगण्याची तयारी करणे. आपल्या भागात तर वाट आणखी लांबते. पुस्तके सांगतात, मल चिकट, फिक्कट, तेलकट, दुर्गंधी आणि पाण्यावर तरंगणारा होतो. पण जो मजूर दिवसभरात दोन-तीन चमचे तेल खातो त्याच्या मलात तेल दिसणार कुठून? पोटात गेलेच नाही ते बाहेर येणार नाही. त्याची खूण वेगळी असते: खाऊनही वजन उतरणे, पोट फुगणे, हाडे दुखणे, अंधारात कमी दिसणे, कारण तेलाबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे हळूहळू संपतात. यातले एकेक लक्षण घेऊन माणूस येतो आणि गॅस, पित्त, अशक्तपणा म्हणून आम्लाची गोळी किंवा सलाइन घेऊन परत जातो. मलातल्या इलास्टेजची तपासणी हे ओळखू शकते. ती पातळी २०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर संशय घ्यावा, १०० च्या खाली असेल तर बहुधा खात्रीच. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागला तरी चालतो. आधी ती तपासणी सुचायला हवी, आणि ती सुचण्यासाठी डॉक्टरच्या आणि रुग्णाच्याही मनात स्वादुपिंडाचे नाव यायला हवे.

आजार ठरल्यावर काय, याबद्दलही जुने समज सोडायला हवेत. तेल-तूप पूर्ण बंद करा हा सल्ला अजूनही दिला जातो आणि त्याने आधीच वाळलेला रुग्ण अधिक वाळतो. आजचे मत असे की थोडेथोडे पण पोटभर आणि पुरेशा स्निग्धांशाचे खावे आणि सोबत विकरांच्या कॅप्सूल घ्याव्यात. मुख्य जेवणाला लायपेजची ४०,००० ते ५०,००० एकके लागतात आणि कॅप्सूल जेवताना, घासांच्या बरोबर जावी लागते. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तासाने घेतलेली वाया जाते. दुकानात जड जेवणावर मिळणाऱ्या पाचक गोळ्या आणि सरबते म्हणजे हे औषध नव्हे, आणि निरोगी माणसाला त्यांतल्या कशाचीच गरज नाही. काढे आणि रस यांच्याबद्दल एवढेच म्हणता येते की निरोगी ग्रंथीला एखादे पेय अधिक निरोगी करते, असे दाखवणारा पुरावा नाही. प्रतिऑक्सिडकांचा एक चांगला अभ्यास दिल्लीच्या एम्समधून २००९ मध्ये आला. जुन्या दाहाच्या रुग्णांची वेदना त्यांनी काही प्रमाणात कमी झाली. ब्रिटनमध्ये पुढे झालेल्या चाचणीत, जिथे रुग्ण मुख्यतः दारूमुळे आजारी होते, तसा फायदा दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष रुग्णांबद्दल आहेत. निरोगी माणसाच्या टॉनिकच्या जाहिरातीला त्यांतला एकही लावता येत नाही.

शेवटी पुन्हा शुगरकडे यावे लागते, कारण दोन टक्क्यांची ती बेटे बाकीच्या ग्रंथीतच वसलेली आहेत. दाहाने ग्रंथी कठीण होत गेली की बेटेही मरतात आणि त्यातून होणारा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा नसतो. त्यात इन्शुलिनबरोबर साखर वर आणणारे ग्लुकागॉनही कमी पडते, म्हणून औषध थोडे जास्त झाले तरी साखर धोकादायकरीत्या खाली घसरते. शेतात दुपारच्या उन्हात, जेवण लांबलेल्या वेळी ही घसरण जीवघेणी ठरू शकते. आपल्या जिल्ह्यात मधुमेहाच्या तपासण्या होतात, शिबिरे होतात, २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. या सगळ्यांत शुगर असलेल्या प्रत्येक बारीक माणसाला चार प्रश्न विचारायला खर्च येत नाही: पूर्वी पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ येऊन भरती व्हावे लागले होते काय, खाऊनही वजन उतरते आहे काय, मल कसा होतो आणि दारू-तंबाखू किती. पन्नाशी उलटल्यावर शुगर नव्याने निघाली आणि त्याच सुमारास वजन झपाट्याने उतरले, तर गोळी लिहून देण्यापूर्वी ग्रंथीचे सिटी स्कॅन करण्याचा विचार व्हावा. या वयात नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी शंभरात सुमारे एकाच्या बाबतीत त्यामागे स्वादुपिंडाचा कर्करोग असतो, आणि तो लहान असतानाच हाती लागला तरच शस्त्रक्रियेने काढता येतो.